उजव्या मुठीतला मळ

"गार्गी, ह्याच्या उजव्या मुठीत मळ साठतो गं. रोज काढते, रोज साठतो. मूठच उघडत नाही हा लबाड."

कुंदाबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा नातू मिहिर सहा महिन्यांचा होता. न्हाणीघरात पाटावर बसून, पाय पसरून, त्यांनी त्याला पायांवर पालथा घातला होता. त्यांची सून गार्गी टॉवेल घेऊन दारात उभी होती आणि एका हाताने मोबाईलवर काहीतरी वाचत होती.

"आई, लहान बाळं मुठी आवळूनच असतात."

"लहान म्हणजे किती लहान? घोडा झालाय आता. डावा पंजा बघ कसा पसरतो, माझा चष्मा ओढतो. उजवा नाही."

"म्हणजे डावखुरा होणार. बाबावर गेलाय." गार्गीने मोबाईल खाली केला. "आणि आई, आधीच सांगून ठेवते, ह्या घरात आता कुणाचा हात बांधायचा नाही."

पंच्याचं टोक ओलं करून कुंदाबाईंनी ती इवलीशी मूठ हळूहळू उकलली, आतला दोऱ्यांचा, पावडरीचा गोळा काढला. सोडल्याबरोबर मूठ पुन्हा मिटली, अंगठा आत घेऊन.

हात बांधण्याची गोष्ट ह्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. गार्गीचा नवरा श्रेयस जन्माचा डावखुरा. शाळेत बाईंनी चिठ्ठी पाठवली, शेजारणींनी नाकं मुरडली, देवळात पुजाऱ्याने डाव्या हातावर प्रसाद ठेवायला नकार दिला. मग कुंदाबाईंनी लेकाच्या डाव्या हातात शाळेचा मोजा चढवून मनगटाशी नाडीने बांधायला सुरुवात केली. जेवताना मोजा, अभ्यासाला मोजा. श्रेयस उजव्याने लिहायला शिकला आणि त्याच सुमारास बोलताना अडखळायलाही लागला. मोठ्या माणसांसमोर त्याचा 'प' अजून अडकतो. मोज्याचा आणि त्या 'प'चा संबंध आहे की नाही हे कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही. गार्गीने मात्र तो लग्नाआधीच लावून टाकला होता. तिने प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेलं, ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि सध्या बाळंतपणाच्या रजेला जोडून बिनपगारी रजेवर होती. सासूच्या तोंडून 'उजवा' हा शब्द निघाला की तिच्या कपाळावर आठी उमटायची.

संक्रांतीनंतर मिहिरचं बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुलुंडच्या त्या सोसायटीतली झाडून सगळी पोरं चटईभोवती. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या तशी पोरांची झुंबड उडाली. मिहिरच्या उजव्या मांडीशी एक लालचुटुक बोर येऊन थांबलं. त्याने ते पाहिलं, सगळं अंग वळवलं, डावा हात पोटावरून पलीकडे नेला आणि बोर उचललं.

"अय्या, लेफ्टी!" समोरच्या फ्लॅटमधली जयंती ओरडली. "श्रेयस, तुझी कॉपी रे!"

"बॉलिंग टाकणार माझा वाघ," श्रेयस म्हणाला.

"उजव्या हातात द्या त्याच्या, उजव्या," कुंदाबाई पुढे झाल्या. "बघू तरी धरतो का."

"आई, प्लीज! आता इथे सुरू नका होऊ ना."

गार्गीचा आवाज चढला. बायका हसल्या. जयंतीने डोळा मारला, "काकू, जमाना बदलला."

"मी त्यासाठी म्हणत नव्हते," कुंदाबाई म्हणाल्या आणि तिळगुळाचा डबा आणायला आत गेल्या. ते वाक्य कुणी ऐकलं, कुणी नाही. गार्गीने ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात तिने रील केली. आयांच्या ग्रुपमध्ये डावखुऱ्या मुलांवरून नेहमी रड चालायची. कुणाची सासू चमचा हिसकावते, कुणाचा भटजी नाक मुरडतो. गार्गीने ठरवलं, एकदाच नीट समजावून सांगू. मिहिरला सतरंजीवर बसवलं, खुळखुळा उजव्या बाजूला ठेवला. मिहिरने तो डाव्या हाताने पलीकडून उचलला. वर गार्गीचा आवाज:

"बघा, उजवीकडे ठेवला तरी डावाच हात. ही खोड नाही, हा निसर्ग आहे. दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो आणि हे आजचं नाही. आदिमानवाने गुहांच्या भिंतींवर हात ठेवून रंग फुंकला, त्या ठशांतही डावखुरे सापडतात. डावखुरेपणा वाईट असता तर केव्हाच नाहीसा झाला असता. मग तो टिकला का? एक तर्क असा, की मारामारीत डावखुऱ्याचा फटका कुठून येईल ते कळत नाही. आमच्या सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटमध्ये मिहिरच्या बाबांचा बॉल कुणाला खेळता येत नाही, कारण रोज सगळे उजव्यांनाच खेळतात. डावखुरे कमी आहेत म्हणून त्यांना फायदा. फार वाढले तर लोकांना सवय होईल, फायदा संपेल. दुसरीकडे, हत्यारं, अवजारं एकमेकांची वापरायची तर बहुतेकांचा हात एकच असलेला बरा. ह्या दोन ओढींमध्ये कुठेतरी हे प्रमाण टिकून राहिलं असावं. तेव्हा सासूबाई, घाबरू नका. आणि आयांनो, तुम्हीही नका."

रील झकास चालली. वाचलेल्यापैकी एकच गोष्ट तिने गाळली होती: मूल दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत हात पक्का ठरत नाही, त्याआधी ते दोन्ही हात आलटून पालटून वापरतं. ते वाक्य घातलं तर रील लांब होत होती.

स्वतःची रील माणूस किती वेळा बघतो? गार्गीही बघत राहिली. सकाळी चहाबरोबर, दुपारी मिहिर झोपला की. एका दुपारी जयंतीने फोन केला म्हणून तिने आवाज बंद केला आणि बोलता बोलता नुसतं चित्र बघत राहिली. स्वतःचा आवाज नव्हता, शब्द नव्हते. पडद्यावर एक बाळ होतं. बाळाचा डावा हात फुलासारखा उघडत होता, मिटत होता, हवेत काहीतरी शोधत होता. उजवा हात कोपरात वाकून छातीशी होता. मुठीतून अंगठा दिसतच नव्हता.

"हॅलो? गेलीस का गं?" जयंती विचारत होती.

"नंतर करते," गार्गी म्हणाली.

तिने बोरन्हाणाचा व्हिडिओ लावला. चुरमुरे पडताहेत, पोरं किंचाळताहेत, मिहिरचा डावा हात दोन्ही बाजूंना धावतोय. उजवी मूठ बंद. दिवाळीचा व्हिडिओ. बंद. आजोळी मामाच्या मांडीवर, बंद. उष्टावणाला तोंडात खिरीचं बोट गेलं आणि मिहिरने आनंदाने हात नाचवले. एकच हात नाचला. तो नाच तिने किती जणांना पाठवला होता! कुणी तरी, एका तरी माणसाने... पण माणसं बाळाचं तोंड बघतात. मूठ बघितली ती आंघोळ घालणारीने.

गार्गीने फोन खाली ठेवला. ती उठून खोलीत गेली. मिहिर जागा होऊन पायाचा अंगठा चोखत पडला होता. डावा पाय, डाव्या हाताने धरलेला.

कुंदाबाई भाजी आणायला गेल्या होत्या. घरात कुणी नव्हतं, आणि हे कुणासमोर तिला करता आलंही नसतं. तिने त्याला मांडीत बसवलं, ओढणी घेतली आणि त्याचा डावा हात अंगाबरोबर गुंडाळून टाकला. ह्या घरात कुणाचा हात बांधायचा नाही म्हणणारी ती. मग तिने त्याच्या उजव्या हाताशी, अगदी बोटांना टेकेल असं, बिस्कीट धरलं.

मिहिरने बिस्कीट पाहिलं. खुदकन हसला. ओढणीच्या आत डावा खांदा धडपडला. बिस्कीट उजव्या मुठीला लागलेलं होतं, तरी तो त्या मुठीकडे पाहतही नव्हता. जणू ती मूठ खोलीतल्या दुसऱ्याच कुणाची होती. मग तो पुढे झुकला आणि वासरासारखं तोंड पुढे करून बिस्कीट दातांनी धरायला गेला. तोल गेला. पडताना माणूस हात पुढे टाकतो. त्याने टाकला नाही. कपाळ तिच्या गुडघ्यावर आपटलं.

तो रडला. ती त्याला उराशी धरून बसली.

निसर्गाने हजारो पिढ्या डावखुरे सांभाळले, असं ती पोरांना शिकवायची. निवड हा शब्द फळ्यावर किती सहज लिहायची. पण ज्याला निवडायला दुसरा हातच नाही, त्याला कुणी सांभाळलं? त्याचा ठसा कुठल्या भिंतीवर आहे? विचार असा भरकटला की तिला मिहिरच्या डोक्यावरचं जावळ हुंगून स्वतःला खोलीत परत आणावं लागलं.

कुंदाबाई आल्या त्या भाजीची पिशवी घेऊन दारातच थांबल्या. सून जमिनीवर, नातू ओढणीत अर्धा गुंडाळलेला.

"काय झालं गं? पडला?"

"आई, ती मूठ... तुम्ही म्हणाला होतात ना."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. टोमणा मारायची इतकी आयती संधी दुसऱ्या कुठल्या सासूला मिळाली नसती. त्या एवढंच म्हणाल्या, "श्रेयसला फोन लाव. आजच दाखवू."

त्या दिवशी नंबर लागला नाही. दोन दिवसांनी ठाण्याला बालमेंदूरोगतज्ज्ञांकडे अपॉइंटमेंट मिळाली. ते दोन दिवस गार्गीने कसे काढले ते विचारू नये. नेहमीच्या डॉक्टरांनी लस देताना का नाही पाहिलं, म्हणून ती आधी त्यांच्यावर चिडली. मग तिला आठवलं, तिनेच कौतुकाने सांगितलं होतं, "लेफ्टी आहे हं, बाबावर गेलाय," आणि डॉक्टर हसून म्हणाले होते, "वा, वा."

नव्या डॉक्टरांचं नाव शर्मिष्ठा. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मिहिरला टेबलावर निजवलं आणि एक पातळ रुमाल त्याच्या तोंडावर टाकला. रुमालाखाली श्वास हलला. डावा हात आला आणि रुमाल ओढून काढला. "शाब्बास," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी डावा हात हलकेच धरून ठेवला आणि रुमाल पुन्हा टाकला.

खोलीत सगळे वाट बघत राहिले. रुमाल वरखाली होत होता. मिहिर डोकं इकडून तिकडे घुसळत होता. उजवा हात जागचा हलला नाही. रुमालाखालून रडू आलं तशी गार्गीने पुढे होऊन स्वतःच तो ओढून काढला.

"उजवा हात कमी वापरतो, हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"परवाच," कुंदाबाई चटकन म्हणाल्या. "परवाच दिसलं आम्हाला."

गार्गीने सासूकडे पाहिलं. कुंदाबाई भिंतीवरच्या जिराफाच्या चित्राकडे बघत होत्या.

"नाही," गार्गी म्हणाली. "आईंना सहाव्या महिन्यात दिसलं होतं. मला सांगितलंही होतं. मी म्हटलं, डावखुरा आहे."

डॉक्टर रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "डावखुरेपणा इतक्या लवकर येत नाही हो. तो निवांत येतो. वर्षाच्या आतलं मूल एकाच हाताने सगळं करायला लागलं, तर त्या हाताचं कौतुक नंतर करायचं. आधी दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघायचं."

एमआरआय झाला. मिहिरला औषध देऊन झोपवलं आणि त्या यंत्राच्या भोकात सरकवलं, तेव्हा श्रेयस बाहेर बाकावर बसून "प... प... परत कधी आणतील?" एवढंच विचारत होता आणि गार्गी त्याच्या डाव्या हाताची बोटं मोडेपर्यंत आवळत होती. निदान असं निघालं, की जन्माच्या आसपास केव्हातरी मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा काही काळ अडला होता. म्हातारपणी लोकांना येतो तसा झटका.

"झटका?" कुंदाबाई म्हणाल्या. "अहो, हा काय म्हातारा आहे?"

"पोटातल्या बाळालाही येतो, आजी. कुणाच्या चुकीने येत नाही. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून हात असा आहे. हा चालेल, जरा उशिरा. हाताचं आत्ता सांगता येत नाही. ह्या वयात मेंदू नव्या वाटा काढतो, म्हणून जितकं लवकर सुरू करू तितकं बरं."

"आणि आम्ही घालवलेले महिने?" गार्गीने विचारलं.

"ते गेले," डॉक्टर म्हणाल्या. "आजपासूनचे घालवू नका."

व्यायाम सुरू झाले. मुलुंडलाच एक थेरपिस्ट मिळाली, मनाली नावाची, हसरी. तिने पहिल्याच दिवशी पिशवीतून एक मऊ कापडी पिशवी काढली, बाळाच्या हाताएवढी, मनगटाशी बंद करता येणारी.

"रोज अर्धा तास त्याच्या डाव्या हातावर ही चढवायची. चांगला हात मोकळा असला की उजव्याला काही कामच उरत नाही. चांगला बंद केला की तो उजव्याला हाक मारतो. रडला तर खेळवायचं, पण वेळ पूर्ण करायची. कोण करणार घरात?"

कुंदाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्याने नाही होणार," त्या म्हणाल्या. "हे माझ्याने पुन्हा नाही होणार, पोरी." आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

श्रेयस त्या पिशवीकडे बघत होता. त्याच्या मनात काय चाललं असेल ते गार्गीला कळत होतं. त्याने ती उचलली, उलटीसुलटी केली आणि मिहिरपुढे मांडी घालून बसला. "चल रे वाघा," तो म्हणाला. "बाबाला ह्यातलं थोडं कळतं." मिहिर रडायला लागला तसा त्याने आपलाही डावा हात पाठीमागे घेतला आणि उजव्याने वेडेवाकडे ठोकळे रचायला लागला. ते पडले. मिहिर रडता रडता थांबला. बऱ्याच वेळाने उजवी मूठ ठोकळ्याला लागली. उघडली नाही, पण स्वतःहून लागली.

एवढ्यावर माणूस समाधान मानतो. गार्गीनेही मानलं असतं.

पण त्या संध्याकाळी तिला रीलची आठवण झाली. ती अजून तिथेच होती, अजून बघितली जात होती, तिच्याच आवाजात लोकांना "घाबरू नका" म्हणत होती. तिने घाईघाईने ॲप उघडलं. प्रतिक्रियांचा ढीग साठला होता. हार्ट, टाळ्या, "सासूला फॉरवर्ड केली." बोट सरकवता सरकवता ती एकीवर थांबली.

"ताई माझी परी पण सेम!! सातवा महिना, सगळं डाव्या हाताने, उजवी मूठ बंदच ठेवते. डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होते पण तुमची रील बघून टेन्शन गेलं. आता नाही नेत. थँक्यू सो मच. चारकोप, कांदिवली."

वाचून गार्गीने पहिली गोष्ट केली ती भीतीपोटी: रील काढून टाकली. आणखी कुणी बघू नये, आणखी कुणाचं टेन्शन जाऊ नये. रील गेली, तिच्याबरोबर ती प्रतिक्रियाही गेली, आणि तिच्या लक्षात आलं, लिहिणारीचं नाव तिने नीट पाहिलंच नव्हतं. 'परीची मम्मी', असं काहीतरी. तिने शोधलं. परीच्या मम्म्यांना अंत नव्हता. काहींना तिने निरोप पाठवले. कुणी अंगठा दाखवला, कुणी ब्लॉक केलं.

"वाट लावली मी, श्रेयस," ती म्हणाली. "एकीचं बाळ मी घरी बसवलं."

तिने दुसरी रील केली, खरं सांगणारी. त्यात मिहिरची मूठ होती, पिशवी होती, ती स्वतः होती. पहिलीइतकी ती चालली नाही. ज्यात धीर असतो ते लोक पुढे पाठवतात. भीती कोण पाठवणार?

रविवारी ते चारकोपला गेले; कुंदाबाई मिहिरला घेऊन गाडीत थांबल्या. सेक्टरमागून सेक्टर, सगळीकडे सारख्याच बैठ्या सोसायट्या, सारख्याच गल्ल्या. औषधांच्या दुकानांत विचारलं, लसीकरणाच्या केंद्रावर विचारलं, पाळणाघराच्या दारात विचारलं: सातआठ महिन्यांची मुलगी आहे का इथे, डाव्याच हाताने सगळं करते? लोक आधी हसत, मग बारीक डोळे करून बघत. अनोळखी जोडपं, दुसऱ्यांच्या बाळांची चौकशी करत फिरतंय. एका गेटवर वॉचमनने काठी आडवी धरली. "कोण हवंय? नाव सांगा. नाव नाही? मग निघा. मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरताहेत, पब्लिक मारेल तुम्हाला." एका बाईने त्यांच्याकडे बघत कडेवरचं मूल पदराखाली घेतलं. त्या मुलाचा कुठला हात बाहेर राहिला होता हे गार्गीला दिसेपर्यंत दार लागलंही होतं.

परतताना ती गाडीतून प्रत्येक गेटकडे बघत राहिली. मागच्या सीटवर कुंदाबाईंच्या मांडीत मिहिर झोपला होता आणि त्या त्याची उजवी मूठ चोळत होत्या.

ती बाई अजून सापडलेली नाही. परी आता दहा महिन्यांची तरी झाली असेल. गार्गी भेटेल त्याला हे सांगते, भाजीवालीला, कॉलेजातल्या शिपायाला, रिक्षात शेजारी बसलेल्या परक्या बाईला, आणि आता तुम्हाला. तुम्ही चारकोपला राहत असाल, किंवा तुमची बहीण, नणंद, मैत्रीण तिथे असेल, तर गार्गीचं एवढं काम करा. परी नावाची एक मुलगी आहे. तिची आई निश्चिंत आहे. आजच जा. बाळाला बघायला आलो म्हणा, खाऊ न्या, डावा हात गंमत म्हणून हातात धरा आणि उजव्या बाजूला खुळखुळा वाजवा. मूठ उघडते का, तेवढं बघून या.